अकरा स्टड

शफीभाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी बँकेत, आपण जिवंत आहोत हे सिद्ध करत उभी होते. नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. ठसा घेणाऱ्या यंत्रावर मी पुन्हा पुन्हा अंगठा ठेवत होते आणि यंत्र काही मला ओळखायला तयार नव्हतं. "मॅडम, बोट पुसून परत ठेवा," असं काउंटरवरची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. मुश्ताकचा होता, शफीभाईंच्या मुलाचा. "आपा, अब्बा गेले," तो म्हणाला. "काल दम लागला म्हणून अंबाजोगाईला नेलतं. आज सकाळी..." फोन तसाच कानाला धरून मी अंगठा पुन्हा ठेवला. या खेपेला यंत्राने तो घेतला. मुलगी म्हणाली, "झालं तुमचं." बाहेर येऊन मी पायरीवर बसले. रडू आलं नाही. लांबच्या एसटीतून उतरल्यावर अंगात उरतो तसा नुसता थकवा होता, आणि एक गोष्ट करायची राहून गेली हे त्या थकव्यातसुद्धा स्पष्ट दिसत होतं.

शफीभाई वेल्डर होते. बीडमध्ये जुन्या मोंढ्यामागच्या गल्लीत त्यांचं दुकान, वर 'ग्रिल, गेट, शटर, टाकी स्टँड' अशी पाटी. अशा माणसावर पेपरच्या पुरवणीत लेख का, असं कुणी विचारेल. विचारू दे. मी अठ्ठावीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात काढली, पुष्कळ साहेब पाहिले, त्यांच्या निरोपसमारंभात नारळ-शाल घेऊन उभी राहिले. त्यांच्यापैकी एकावरही मला दोन ओळींपुढे लिहिता येणार नाही. शफीभाईंवर लिहिता येईल, कारण त्यांचं मी नुकसान केलं आहे. ते कसं, हे सांगण्याआधी त्यांचं काम काय होतं ते थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

दोन पाट एकावर एक ठेवून त्यावर उभं राहिलं, की ते एकमेकांवरून सरकतात आणि मधे वाकतात. तेच पाट खिळे मारून जोडले तर एकच जाड फळी झाल्यासारखे मजबूत होतात. काही पूल असेच असतात. खाली लोखंडी तुळई, वर काँक्रीटचा स्लॅब. ही दोघं एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून तुळईच्या पाठीवर बोटभर जाडीचे, डोकं असलेले लोखंडी तुकडे ओळीने उभे वेल्ड करतात आणि त्यांच्यावर काँक्रीट ओततात. पुस्तकात त्यांना 'शिअर कनेक्टर' म्हणतात, साइटवर स्टड म्हणतात, शफीभाई त्यांना खुंटी म्हणत. काँक्रीट पडलं की ते कायमचे दिसेनासे होतात. चांगले आहेत की वाईट, हे पुढे कुणालाच पाहता येत नाही. पुलाचं सगळं आयुष्य मात्र त्यांच्या मुळाशी असलेल्या त्या वेल्डवर चालतं.

सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्याकडे, पालीच्या पलीकडे आतल्या रस्त्यावर, एका ओढ्यावर असा पूल मंजूर झाला. पूल नेमका कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. त्यावरून रोज शाळेची मुलं जातात आणि पूल ठणठणीत आहे; उगीच कुणाच्या पोटात गोळा नको. मी तेव्हा तिशी ओलांडलेली कनिष्ठ अभियंता होते. त्याआधीची चार वर्षं ऑफिसात बसून अंदाजपत्रकं केलेली, साइट ही पहिलीच. बाई म्हणून साइटवर पाठवतानाही साहेबांनी दोनदा विचार केला होता, आणि तो विचार त्यांनी माझ्यासमोरच मोठ्याने केला होता. मजूर मला 'म्याडम' म्हणत आणि सूचना मात्र मुकादमाकडून घेत. असा पूल आमच्यापैकी कुणीच आधी बांधला नव्हता. अख्ख्या जिल्ह्यात स्टड लावता येणारा एकच माणूस निघाला. आखाती देशात पाच वर्षं पुलांच्या कामावर राहून आलेला हा शफी शेख, वय चाळिशीच्या आतबाहेर, दाढी आखूड, डोळे वेल्डिंगने कायम लालसर.

त्यांची काम करायची पद्धत मला पहिल्या दिवसापासून विचित्र वाटली. सगळे स्टड लावून झाले की ते हातात छोटी हातोडी घेऊन तुळईवरून उकिडवे सरकत जात आणि प्रत्येक स्टडवर एक टिचकी मारल्यासारखा ठोका देत. सहाशेच्या वर स्टड होते. ठोका द्यायचा, ऐकायचं, पुढे सरकायचं. मधेच एखाद्यापाशी थांबायचे, पुन्हा ठोकायचे, मान वाकडी करून ऐकायचे. मग मोठा घण घेऊन त्या स्टडला असे घाव घालायचे की तो चांगला तिरका व्हावा. त्यानंतर त्याचं मूळ भिंगातून बघायचे आणि पुढच्याकडे जायचे. अशा रीतीने त्यांनी अकरा स्टड वाकडे करून ठेवले. मी दुपारी साइटवर आले तेव्हा ते अकरा, सरळ ओळीत मधेच मान टाकलेले दिसले. आणि दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांची पाहणी होती.

आमच्या खात्यात पाहणी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. साहेब येणार म्हटलं की रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुना. खडीचे ढीग दोरी लावून चौकोनी करायचे. जे सरळ ते चांगलं, जे वाकडं ते खराब, एवढी एकच परीक्षा आम्ही सगळे शिकलो होतो. मी म्हणाले, "हे वाकडे का झाले?"

"झाले न्हाई म्याडम, केले," शफीभाई म्हणाले. "या अकरांचा आवाज जरा बसका वाटला. म्हनून वाकवून बगितले. एकाच्या बी मुळाला चीर न्हाई. पास झाले समदे."

"पास झाले ना? मग आता सरळ करा."

त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली. "खुंटी एकदा वाकवली की तशीच ठिवायची असती, म्याडम. सरळ केली की मुळाला तरास व्हतो. तिकडं असंच करत्यात. काँक्रीटला वाकड्या खुंटीचं काय वाटत न्हाई."

आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. मुकादम होता, ठेकेदाराचा माणूस होता. सगळे काम थांबवून बघत होते की म्याडम आता काय करते. मला त्या क्षणी स्टड दिसत नव्हते, मला ती दहा-बारा तोंडं दिसत होती. मी म्हणाले, "तिकडचं तिकडे. इथे मी सांगते ते करायचं. उद्या साहेब आले तर वाकडे स्टड दाखवू का त्यांना?" नकाशाच्या दुसऱ्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात तपासणीची टीप होती. ते पान ठेकेदाराकडे होतं. मी पहिल्या पानावरच काम चालवलं होतं. दुसरं पान मागवावं, असं मला वाटलं नाही, कारण मागवलं असतं तर मला माहीत नाही असा त्याचा अर्थ झाला असता.

शफीभाईंनी पाइपाचा एक तुकडा आणला, एकेका स्टडवर तो चढवला आणि अकराच्या अकरा सरळ केले. अगदी हळू, मूल झोपेतून उठवावं तितक्या हळू. संध्याकाळी साइटच्या नोंदवहीत मी लिहिलं : "अकरा स्टड वेल्डरच्या चुकीने वाकडे आढळले. सरळ करून घेतले." स्वतःच्या दक्षतेवर मी खूश होते. साहेबांनी ती नोंद वाचली आणि मला "गुड" म्हणाले. तीन दिवसांनी काँक्रीट पडलं. पूल झाला, नारळ फुटला, मी पुढच्या कामाला लागले. ठेकेदाराने ती नोंद वाचली होती हे मला माहीत होतं. त्याचं पुढे काय होईल, याचा मी विचारसुद्धा केला नाही.

आठ वर्षांनी नाशिकला एका प्रशिक्षणाला गेले होते. जेवणानंतरचं सत्र, निम्मे लोक पेंगत होते. शिकवणाऱ्या सरांनी पडद्यावर एक फोटो दाखवला : स्टडची सरळ ओळ, मधे एक वाकडा. "यातला कुठला स्टड सगळ्यात भरवशाचा?" त्यांनी विचारलं. सगळे म्हणाले, वाकडा सोडून कुठलाही. सर हसले आणि म्हणाले, "वाकडाच. तो एकटा परीक्षा देऊन बसलाय. तो तसाच ठेवायचा, सरळ करायच्या भानगडीत पडायचं नाही." पुढे ते बरंच काही सांगत होते. काँक्रीट वर्षानुवर्षं कसं आकसत राहतं, भाराखाली कसं हळूहळू दबत राहतं, स्टडच्या मुळाशी येणारा ताण वीस-पंचवीस वर्षांनी कुठे जातो... मी वहीत काहीच लिहून घेतलं नाही. बीडच्या स्टँडवर उतरल्यावर घरी न जाता रिक्षा करून सरळ शफीभाईंच्या दुकानात गेले, बॅग हातात तशीच.

ते एका गेटला बिजागरी लावत होते. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी म्हणाले, "शफीभाई, तुमचं बरोबर होतं." कशाबद्दल बोलते आहे हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "हां. ते बरोबरच व्हतं."

"मग जोर देऊन का नाही बोललात? काम बंद करायचं होतं तुम्ही."

"बोल्लो की एकदा. तुमी न्हाई ऐकलं." मग म्हणाले, "तुमी नव्या व्हत्या म्याडम. तेवढ्या लोकाइसमोर म्या तुमचा शबुद मोडला असता, तर फिरून कुनी तुमचं ऐकलं नसतं. मुकादम तर वाटच बगत व्हता."

मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "पुलाची कामं येतात का अजून?" त्यांनी गेटकडे हात केला. "हे येतंय. ग्रिल येत्यात, टाकीचे स्टँड येत्यात. पुलाचं न्हाई आलं त्याच्यानंतर. ठेकेदार म्हनला, तुझी चूक सरकारी वहीत हाय, आता तुला पुलावर उभं कसं करू." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. पाच वर्षं वाळवंटात राहून शिकलेला हुन्नर होता तो. माझ्या एका ओळीने तो ग्रिलच्या फुलापानांत जिरला होता. मी तिथेच त्यांना शब्द दिला, की मी खात्याला लेखी कळवते, ती नोंद चुकीची आहे, चूक माझी होती. ते म्हणाले, "लिवा की. सवड झाली की लिवा."

सवड... या शब्दावर माझी पुढची सतरा-अठरा वर्षं गेली. त्या वर्षी माझं प्रमोशन होतं, आणि स्वतःच्या हाताने स्वतःवर चौकशी कोण ओढवून घेतं? मग यजमानांचं आजारपण आलं, ते दोन वर्षं चाललं आणि ते गेले. मग निवडणुकांची कामं, मुलीचं लग्न, मग 'आता निवृत्तीला तीन वर्षं राहिली, उगाच कशाला'. प्रत्येक कारण खरं होतं. पत्राचा मसुदा मी किमान चार वेळा केला. एकदा तर टाइपही करून घेतला आणि सही करायच्या वेळी 'वेल्डरच्या चुकीने नव्हे, माझ्या' या शब्दांपाशी पेन थांबलं ते थांबलंच. लाज वाटायची, ती स्वतःची वाटायची की सहीची, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या काळात एक गोष्ट मात्र आम्ही चुकवली नाही. दर वर्षी ऊसतोड सुरू झाली, की दोघं मिळून त्या पुलाखाली जायचो. शफीभाई त्यांच्या खिळखिळ्या मोपेडवर, मी आधी जीपने, नंतर रिक्षाने. तुळईच्या टोकाशी, जिथे लोखंड आणि काँक्रीट भेटतात, तिथे मी पातळ पट्ट्यांचं माप घालून फट बघायची. शफीभाईंचं माप वेगळं होतं. गॅरेजवाले इंजिनाला लावतात तसा लांब स्क्रू ड्रायव्हर ते तुळईला टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. वरून उसाचा ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जायचा. पूल थरथरायचा, आमच्या डोक्यावर धूळ पडायची. ट्रॅक्टर गेला की ते डोळे उघडायचे. "बोलत न्हाई कुनी," म्हणायचे. म्हणजे सगळं ठीक. पहिल्या तीन-चार वर्षांत फट केसभर वाढली तेव्हा मी घाबरले होते. ते म्हणाले, "काँक्रीट आंग चोरतंय म्याडम. लई दिवस चोरतं ते. लोखंड हाय तिथंच ऱ्हातं. भांडन दोघांचं, मार खुंटीला." पुढे फट वाढायची थांबली. नाशिकच्या सरांनी तासभर सांगितलेलं शफीभाईंनी चार वाक्यांत सांगितलं होतं, आणि ते मी माझ्या हाताखालच्या पोरांना माझंच म्हणून सांगत आले.

मापं झाली की ओढ्याच्या काठावर बसून ते पिशवीतली सीताफळं काढायचे. डोंगरातली, बारीक पण गोड. एकेक डोळा सोडवत, बिया मुठीत जमवत आम्ही गप्पा मारायचो : मुश्ताकचं दुकान, माझ्या मुलीचं सासर, कुणाचा गुडघा, कुणाची साखर. म्याडमची आपा कधी झाले ते आठवत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी पत्राचं एकदाच विचारलं. मी निवृत्त होणार होते त्या वर्षी, हात ओढ्यात धुताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपा, त्या कागदाचं काय झालं?" मी म्हणाले, "चाललंय." खात्यात हा शब्द आम्ही रोज शंभर लोकांना सांगतो. काहीच चाललेलं नसतं तेव्हाच तो वापरतात, हे शफीभाईंना पक्कं माहीत होतं. ते म्हणाले, "चालू द्या," आणि रुमालाला हात पुसले. मागच्या वर्षी त्यांना काठावरून खाली उतरताना दम लागला. मी म्हणाले, तुम्ही वरच थांबा, मी बघून येते. "तुमाला ऐकू येतंय व्हय?" असं मला चिडवत ते उतरलेच. वर चढताना मात्र तीनदा बसले. यंदा ट्रॅक्टर सुरू झाले होते आणि कधी जायचं ते विचारायला मी त्यांना फोन करणारच होते.

मयतीला बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी शफीभाईंच्या घरी, त्यांच्या पत्नी जुबेदाभाभींजवळ, बायकांमध्ये बसून आले. घरी परतल्यावर त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. सतरा वर्षं न झालेलं काम वीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. माझ्या जुन्या टेबलावर आता एक तरुण मुलगी आहे, हुशार, नम्र. तिने पत्र दोनदा वाचलं, रेकॉर्डच्या खोलीत माणूस पाठवला. तो अर्ध्या तासाने हात झटकत आला. इतकी जुनी साइटची रेकॉर्डं मागेच नष्ट केली होती, मुदत संपल्यावर, नियमाप्रमाणे. "मॅडम, नोंदच राहिली नाही तर दुरुस्ती कशात करू?" ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते, एवढ्या नम्रपणे म्हणाले नसते. तरी तिने माझ्यासाठी पत्रावर आवक शिक्का मारून एक प्रत परत दिली.

ती प्रत घेऊन तीन आठवड्यांनी मी जुबेदाभाभींकडे गेले. त्या इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषाला भेटायचं नाही. मी बाई, म्हणून आत जाता आलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, हातात काहीच काम नव्हतं. मी पत्र काढलं आणि वाचून दाखवलं, शेवटपर्यंत, स्वतःच्या सहीसकट. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा माझा हात धरतील. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेले होते. त्यांनी कागद माझ्याकडून घेतला, चष्मा नसल्याने लांब धरून शिक्क्याकडे बघितलं, घडी घातली.

"आता आनलं व्हय, बाई?" त्या म्हणाल्या. रागावून नाही, दमलेल्या आवाजात. "त्यान्ला वाचता येत व्हतं."

मग त्या उठून चहा ठेवायला आत गेल्या. मी मान खाली घालून बसले होते. पलंगाजवळच्या फळीवर गेल्या तीन आठवड्यांचे पेपर होते, रबरबँड न काढलेले, एकावर एक नीट रचलेले. पेपर अजून रोज येतो, बंद करायला सांगायचं कुणाला सुचलेलं नाही. भाभी चहा घेऊन आल्या तेव्हा माझी नजर तिकडे आहे हे त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "रोज समदा वाचायचे. पुरवनी तर आधी." आम्ही चहा प्यायलो.

म्हणून दुरुस्ती इथे लिहिते आहे. त्या पुलावरचे अकरा स्टड वेल्डरने तपासणीसाठी मुद्दाम वाकवले होते आणि अकराही पास झाले होते. ते सरळ करण्याचा हुकूम माझा होता, तो चुकीचा होता, आणि चुकीचा आहे हे मला तेव्हाच सांगण्यात आलं होतं. माझ्या नोंदीत वेल्डरचं नाव लिहायचं राहिलं होतं. नाव शफी शेख.